परम संगणक आणि दौंडचा विसर्ग



घाटमाथ्यावर पावसाची झड लागली, की सोलापूर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक आकडा ठळक टाइपात छापून येतो : ‘दौंड येथून उजनीत येणारा विसर्ग इतके हजार क्युसेक.’ दौंडकरांना त्या आकड्याचे फारसे अप्रूप नसते. पूल ओलांडताना नदीचा रंग पाहून ते पाण्याचा अंदाज बांधतात. परंतु माढा, माळशिरस आणि पंढरपूर येथे हा आकडा पंचांगातील तिथीसारखा पाहिला जातो. उजनीचे दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे, पंढरपुरातील नदीकाठच्या वस्त्यांना केव्हा हलवायचे, वाळवंटातील राहुट्या केव्हा काढायच्या, हे पुष्कळसे त्याच आकड्यावर ठरते.

त्या एका आकड्यात किती नद्या सामावल्या आहेत! पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे पाणी मुठेतून येते. पवनेचे पाणी मुळेत मिसळते. मुळा-मुठा पुणे शहर ओलांडून शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर भीमेला मिळते. चासकमानचे पाणी मूळ भीमेतून उतरते. डिंभ्याचे पाणी घोडनदीतून शिरूर गावाजवळून चिंचणीच्या धरणात येते आणि तेथून सुटले की तेही दौंडच्या वर भीमेतच पडते. प्रत्येक ठिकाणचा पाऊस निराळा, प्रत्येक धरणाचा निर्णय निराळा, आणि पाणी पोहोचण्यास लागणारे तासही निराळे. या सर्वांचा मेळ बसला तरच दौंडचा आकडा वेळेआधी सांगता येतो. मेळ चुकला, तर पाणी घरात शिरल्यावर कळते.

पूर्वी नदीकाठच्या दगडी पट्टीवरील खूण पाहणारा कर्मचारी असे. तो कंदील घेऊन रात्री-अपरात्री जाई, आकडा वहीत लिही आणि बिनतारी यंत्रावरून कळवी. अशा कर्मचाऱ्यांनी या खोऱ्याची केलेली सेवा कोणत्याही सन्मानपत्रात नोंदलेली नाही. आता कृष्णा आणि भीमा या दोन खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पाणीपातळी मोजणारी यंत्रे बसविली आहेत. ती आपली नोंद स्वतःच पाठवितात आणि पुण्यातील संगणक त्यावरून पुढील पुराचा अंदाज करतो. कोठे डोंगरावर, कोठे पुलाच्या कठड्याला, कोठे धरणाच्या भिंतीवर अशी विखुरलेली लहान लहान यंत्रे आहेत. त्यांतील एकालाही संपूर्ण भीमा माहीत नाही. तरी सर्वांनी मिळून भीमेचे चित्र उभे करायचे असते.

विखुरलेल्या यंत्रांकडून एक काम करून घेण्याच्या या विद्येला आयुष्य वाहिलेला एक मराठी माणूस आहे. त्यांचे नाव महासंगणकाशी जोडले गेल्यामुळे ‘एक फार मोठे यंत्र बनविणारा शास्त्रज्ञ’ अशी त्यांची प्रतिमा लोकांच्या मनात रुजली. वास्तविक त्यांनी मोठे यंत्र बनविलेच नाही. लहान यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकविले. डॉ. विजय पांडुरंग भटकर यांच्या संशोधनाकडे या बाजूने पाहिले, तर ते आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचते.

अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ मुरंबा नावाचे लहान गाव आहे. तेथे ११ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी आणि १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट, असा शिक्षणाचा क्रम झाला. त्या काळी असा विद्यार्थी पुढे अमेरिकेला जाणार, हे बहुधा गृहीतच असे. ते गेले नाहीत. देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगात त्यांनी उमेदवारी केली आणि १९८० च्या सुमारास ते तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन आणि विकास केंद्राचे संचालक झाले.

त्यांच्या चरित्रातील हा केरळचा काळ सहसा दोन ओळींत उरकला जातो. पुढील सर्व कामाची बीजे मात्र तेथेच दिसतात. त्या केंद्राचे काम नियंत्रण यंत्रणांचे होते. कारखान्यातील भट्टीचे तापमान, वीज केंद्रातील दाब, चौकातील वाहतुकीचे दिवे यांवर लक्ष ठेवायचे आणि क्षणार्धात निर्णय घ्यायचा, अशा यंत्रणा तेथे तयार होत. एखाद्या शहरातील सर्व चौकांचे दिवे एकाच मोठ्या यंत्राच्या ताब्यात दिले आणि ते यंत्र बंद पडले, तर सारे शहर ठप्प होईल. म्हणून प्रत्येक चौकात थोडी बुद्धी ठेवावी लागते आणि चौकाचौकांत संवाद ठेवावा लागतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची मुले नोकरीस आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. मोटारी, शीतपेट्या आणि दूरदर्शन संच बनविणाऱ्या तेथील कारखान्यांत जोडणीची अख्खी साखळी अशाच लहान नियंत्रकांवर चालते. एक नियंत्रक थांबला तर पुढच्याला ते तत्काळ कळले पाहिजे, नाहीतर सुटे भाग एकावर एक येऊन आदळतील.

१९८७ च्या सुमारास महासंगणकाचा प्रश्न उपस्थित झाला. मान्सूनचा अंदाज आणि उच्च संशोधन यांसाठी भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवे असलेले यंत्र नाकारले. हे यंत्र अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रे यांच्या कामी वापरले जाईल, ही तिची शंका होती. दीर्घ वाटाघाटींनंतर कमी शक्तीचे एक यंत्र हवामानाच्या कामापुरते, वापरावरील अटींसह दिल्लीत आले. जो देश पैसे मोजायला तयार होता, त्याला ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असे सांगून परत पाठविण्यात आले. हा अपमान त्या पिढीतील वैज्ञानिकांच्या जिव्हारी लागला.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि भटकर त्याचे संचालक झाले. मुदत तीन वर्षांची होती आणि निधी सुमारे तीस कोटी रुपयांचा. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात काम सुरू झाले. त्या चमूतील बहुतेक जण तरुण होते. महासंगणक बनविण्याचा अनुभव देशात कोणालाच नव्हता, त्यामुळे तो नसल्याची उणीवही कोणाला भासली नाही, असे गमतीने म्हणता येईल.

क्रे यंत्राची कल्पना एका महाबली पहिलवानाची होती. एकच अतिशय वेगवान प्रक्रियक, त्यासाठी खास बनविलेले भाग आणि तापू नये म्हणून खास शीतकरण. तसा पहिलवान तीन वर्षांत घडविणे शक्य नव्हते. सी-डॅकने मार्ग धरला तो अनेक सामान्य गड्यांचा. इंग्लंडमधील इनमॉस कंपनीने ‘ट्रान्सप्युटर’ नावाची एक चिप बाजारात आणली होती. प्रत्येक चिपला स्वतःची स्मृती जोडता येई आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी तिला चार जोडवाटा असत. त्या जोडवाटांवर सर्व भिस्त होती. चौसष्ट चिपा घ्या, वा दोनशे छप्पन्न घ्या, जाळे विणा आणि एकच गणित सर्वांत वाटून द्या. कल्पना सोपी वाटते. प्रत्यक्षात तीत दोन खोल खड्डे आहेत.

पहिला खड्डा न्हावऱ्याच्या वा पाटसच्या साखर कारखान्याच्या दारात उभे राहिल्यास दिसतो. ऊसतोडणीच्या टोळ्या दहा असोत वा चाळीस, गाड्या किती का येईनात, सर्वांना शेवटी वजनकाट्यावरूनच जावे लागते. काटा एकच असेल तर टोळ्या चौपट केल्याने गाळप चौपट होत नाही. फक्त रस्त्यावरील रांग चौपट होते आणि उसाचे वजन उन्हात घटते. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हाच हिशेब मांडला. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी सर्व कामाचा वेग ठरवितो. शंभरातील दहा भाग न वाटता येण्यासारखे असतील, तर हजार गडी लावूनही काम दहापटीपेक्षा अधिक वेगाने होणार नाही. त्यामुळे सी-डॅकमधील तरुणांचे बरेच कष्ट यंत्र जोडण्यापेक्षा गणित नव्याने मांडण्यात गेले. हवामान, रेणूंची रचना, विमानाच्या पंखावरील हवेचा प्रवाह, अशा प्रत्येक विषयातील समीकरणांतून ‘वजनकाटे’ शोधून काढायचे होते. त्यासाठी ‘परस’ नावाची स्वतंत्र आज्ञावली तयार झाली. यंत्राची छायाचित्रे सर्वत्र छापून आली, आज्ञावलीचे छायाचित्र कोण छापणार?

दुसरा खड्डा अधिक सूक्ष्म आहे. दौंडकरांच्या रक्तात रेल्वे आहे, म्हणून रेल्वेचाच दाखला घेऊ. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत यासाठी पूर्वी ‘गोळ्या’ची पद्धत होती. दोन स्थानकांत दोन यंत्रे असत, तारेने जोडलेली. एका यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर काढला की दुसरे यंत्र आपोआप बंद होई. तो गोळा ज्या चालकाच्या हाती, त्याचीच गाडी त्या टप्प्यात शिरणार. पुढील स्थानकावर गोळा यंत्रात परत पडल्याखेरीज दुसरा गोळा निघतच नसे. दोन्ही स्थानक प्रमुखांनी एकमेकांना पाहिलेले नसे, दोघांची घड्याळे मागेपुढे असत, तरी अपघात होत नसे. परस्परांना न दिसणाऱ्या दोघांनी एकाच गोष्टीविषयी एकमत राखायचे, हा वितरित संगणनाचा गाभा आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नसली तरी निरोपांच्या क्रमावरून आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरविता येते. गोळ्याचे यंत्र बनविणाऱ्यांना हे कितीतरी आधी हाताने उमगले होते.

दौंड स्थानकाचा आणखी एक धडा आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षे दौंडला थांबून इंजिनाची दिशा बदलावी लागे. प्रवासी पाय मोकळे करीत, विक्रेत्यांचा धंदा होई, पण त्यासाठी फलाट अडून राहत. मग कॉर्ड लाइन झाली आणि दौंडच्या मुख्य स्थानकात न शिरता गाड्या थेट वळू लागल्या. त्यांतील गाडी पकडायची तर दौंडकरांना रिक्षा करून दुसऱ्या स्थानकावर जावे लागते, ही तक्रार अगदी रास्त आहे. परंतु यंत्रांच्या जाळ्यातही हेच करावे लागते. दोन शेजाऱ्यांना बोलायचे असेल तर प्रत्येक निरोप मध्यवर्ती स्थानकातून फिरवायचा नाही, त्यांच्यात थेट वाट टाकायची. ट्रान्सप्युटरच्या चार जोडवाटा म्हणजे चार कॉर्ड लाइनीच होत्या.

हवामानाच्या गणिताला हे जाळे विशेष मानवते. आकाशाचे चौकटींत तुकडे केले, तर शिरूरच्या चौकटीत तासाभराने काय होईल, हे मुख्यतः पारनेर, श्रीगोंदा, दौंड आणि खेड यांच्या चौकटींत आत्ता काय आहे यावर अवलंबून असते. प्रत्येक चौकट एका यंत्राकडे दिली, तर त्याला फक्त शेजाऱ्यांशीच वारंवार बोलावे लागते. चारचौघांत विचारपूस करून संसार चालविणाऱ्या गावगाड्याचीच ही रीत म्हणावी.

१९९० मध्ये झ्युरिक येथील प्रदर्शनात या यंत्राची प्राथमिक आवृत्ती मांडण्यात आली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतील अक्षरे घेऊन बनविलेले हे नाव संस्कृतातही अर्थपूर्ण ठरले. ठरलेली तीन वर्षांची मुदत पाळली गेली. पुढे ही यंत्रे जर्मनी, इंग्लंड आणि रशियातही गेली. १९९८ मध्ये ‘परम १००००’ आला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे शंभर अब्ज गणिते करण्याचा होता, आणि तो तर सर्वस्वी बाजारात मिळणारे संगणक ‘परमनेट’ या आपल्या जाळ्याने जोडून उभा केला होता. म्हणजे दहा वर्षांत संशोधनाचा भर चिपवरून सरकून जोडणीवर आला होता. त्यानंतर भटकर सी-डॅकमधून बाहेर पडले आणि घरोघरी शिक्षण पोहोचविणारी संगणक यंत्रणा, पुण्यातील माहिती तंत्रज्ञान संस्था यांकडे वळले. २००० मध्ये पद्मश्री आणि २०१५ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. विज्ञान भारतीचे राष्ट्रीय अध्यक्षपद आणि नालंदा विद्यापीठाचे कुलपतिपदही त्यांनी भूषविले.

येथे एका गोष्टीचा विचार मन घट्ट करून केला पाहिजे. ‘परम’चा गौरव करताना तो पूर्णतः स्वदेशी होता, असे व्यासपीठांवरून सर्रास सांगितले जाते. तसे नव्हते. ट्रान्सप्युटर ब्रिटिश होता. पुढील आवृत्त्यांतील प्रक्रियक अमेरिकन कंपन्यांचे होते. रचना आपली, जोडणी आपली, आज्ञावली आपली, परंतु चिप परकी. इंग्लंडनेही त्या वेळी हात आखडता घेतला असता तर? हा प्रश्न त्या चमूला पडला नसेल असे कोण म्हणेल? त्यांनी त्या वेळी शक्य होते ते सर्वोत्तम केले, यात शंका नाही. मात्र जे झाले नाही ते झाले असे मानून घेण्यात त्यांचा सन्मान नाही. अर्धी चढलेली टेकडी पूर्ण चढली असे मुलांना सांगितले, तर उरलेली चढण कोण चढणार?

ती चढण किती उरली आहे, याची मोजदाद करता येते. २००३ मध्ये ‘परम पद्म’ सेकंदाला एक लाख कोटी गणितांपर्यंत पोहोचला आणि जगातील पाचशे वेगवान यंत्रांच्या यादीत त्याला १७१ वे स्थान मिळाले. २००७ मध्ये पुण्यातच टाटा उद्योगसमूहाच्या संस्थेने उभारलेला ‘एका’ त्या यादीत चौथा होता. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी साडेचार हजार कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन यंत्रे देशाला अर्पण झाली. त्यांतील एक खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. ती दुर्बीण आपल्या जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यात आहे. तीस अँटेना कित्येक किलोमीटरांवर विखुरलेल्या आणि सर्वांचे मिळून आकाशाकडे पाहणारे एकच नेत्र! विखुरलेल्यांतून एक, याचे इतके देखणे उदाहरण जगात थोडेच असेल. ‘रुद्र’चा सर्व्हर सी-डॅकने स्वतः रचला आहे. त्यातील प्रक्रियक मात्र अजून परदेशी कंपनीचा आहे. त्याच दिवशी पुण्याच्या पाषाण येथील उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्का’ सुरू झाला. ते यंत्र बाहेरून घेतलेले आहे. मे २०२५ पासून त्यावर सहा किलोमीटरांच्या चौकटीचा अंदाज काढला जातो. आधी चौकट बारा किलोमीटरांची होती. बाजू निम्मी झाली, म्हणजे जेथे एक चौकट होती तेथे चार झाल्या. घोडनदीच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडे, हा शिरूर तालुक्याचा नेहमीचा अनुभव गणितात उमटण्याची शक्यता त्यामुळे वाढली.

परंतु अंदाज कितीही बारीक झाला, तरी प्रत्यक्ष पाऊस जमिनीवर मोजणारे यंत्र खरे बोलले पाहिजे. महासंगणकाइतकेच महत्त्व त्या पत्र्याच्या डब्याला आहे.

२०१७ नंतर ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील मंडळांतही ती आहेत. तारेच्या कुंपणात उभा असलेला एक खांब, वर वाऱ्याची फिरकी, बाजूला पर्जन्यमापक. त्या पर्जन्यमापकात दोन लहान वाट्या तराजूसारख्या बसविलेल्या असतात. ठराविक पाणी साचले की एक वाटी उलटते, दुसरी वर येते आणि प्रत्येक उलटण्याची नोंद होते. किती वेळा उलटली, तेवढा पाऊस. या यंत्रापाशी शेतकऱ्याचे पुष्कळ काही अडकलेले आहे. चोवीस तासांत मंडळात पासष्ट मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी. तेवढा नोंदला गेला नाही, तर पंचनाम्याला आधारच उरत नाही. नरसाळ्यात पाला अडकला, कोळ्याने जाळे विणले, कोणी कुंपणाला शेळी बांधली वा जवळ वाढलेल्या झाडाने आडोसा केला, तर वाटी कमी वेळा उलटते. यंत्र बंद पडले तर निदान लक्षात तरी येते. चालू राहून चुकीचे बोलणारे यंत्र अधिक घातक. कांद्याचे वाफे पाण्यात बुडालेले शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात आणि कागदावर मात्र एकोणसाठ मिलिमीटर!

वितरित संगणनात या संकटाला एक नाव आहे : बायझंटाईन सेनापतींचा प्रश्न. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी तो १९८२ मध्ये मांडला. किल्ल्याला वेढा घातलेल्या सेनापतींपैकी एखादा फितूर असून वेगवेगळ्यांना वेगवेगळे निरोप देत असेल, तर उरलेल्यांचे एकमत कसे व्हावे? गणिताचे उत्तर असे, की एक फितूर असेल तर एकूण किमान चार सेनापती हवेत. तिघांत ते साधत नाही, कारण दोघांचे न जुळणारे म्हणणे ऐकून फितूर कोण हे तिसऱ्याला ठरविता येत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासाला फितुरीचे दुःख ठाऊक आहे. त्यामागे असे गणितही आहे, हे अनेकांना नवे वाटेल. पर्जन्यमापकाला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण दोन गावांत खरोखरच वेगळा पाऊस पडू शकतो. पण शेजाऱ्यांची साक्ष असल्याखेरीज एकाचे खोटे उघडे पडत नाही, हे तत्त्व तेथेही टिकते. एका मंडळात एकच यंत्र असेल, तर ते खोटे बोलते आहे की नाही हे सांगायला साक्षीदारच नाही. केंद्र सरकारच्या २०२३ मधील ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीपर्यंत यंत्रे नेण्याचे ठरले, त्यामागील खरे बळ हे आहे. यंत्रांची संख्या वाढते तेव्हा त्यांना परस्परांची साक्ष काढता येते.

आता तिरुवनंतपुरमकडे एकदा परत वळू. भटकर ज्या केंद्राचे संचालक होते, ते पुढे सी-डॅकमध्येच विलीन झाले. तेथेच गेल्या काही वर्षांत ‘वेगा’ नावाची प्रक्रियकांची मालिका रचली गेली. तिची रचना भारतीय अभियंत्यांची आहे आणि ज्या आज्ञासंचावर ती आधारलेली आहे तो सर्वांना खुला आहे. कोणा एका कंपनीची परवानगी त्यासाठी लागत नाही. महासंगणकात बसविण्याइतकी ही चिप अजून बलवान झालेली नाही. पाण्याची पातळी, तापमान, विजेचा दाब मोजणाऱ्या लहान यंत्रांत मात्र ती चालते. ‘परम’मध्ये जी जागा रिकामी राहिली होती, ती भरण्याची सुरुवात अशी खालच्या टोकाकडून, अगदी लहान यंत्रापासून झाली आहे. विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून सी-डॅकने या मालिकेतील ‘तेजस-३२’ चिप बसविलेले ‘एरीज’ नावाचे छोटे फलकही तयार केले आहेत. तळहातावर मावणाऱ्या त्या फलकाला तारा जोडल्या की शाळेतील मुलगा वा मुलगी त्याला काहीही मोजायला शिकवू शकते.

शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांत संगणक शिकणारी मुले पदवी मिळताच हिंजवडी वा खराडीला जातात. त्यात गैर काही नाही. मुरंब्याचा मुलगाही नागपूरला, बडोद्याला आणि दिल्लीला गेला होता. पण जाण्यापूर्वीच्या दोन वर्षांत त्यांच्या हातून एक काम होऊ शकते. कोणतेही एक महसूल मंडळ घ्यावे. सरकारी केंद्र जेथे आहे ते गाव सोडून आणखी तीन गावे निवडावीत आणि तेथील जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मोकळ्या पटांगणात, झाडांपासून दूर, उलटणाऱ्या वाटीचे पर्जन्यमापक अशा फलकाला जोडून बसवावे. शेजारी साधे, हाताने मोजायचे काचेचे पर्जन्यमापकही ठेवावे. सकाळी साडेआठला पाचवी-सहावीतील मुलांनी ते वाचून फळ्यावर आकडा लिहावा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक पडला तर का पडला, ते शोधावे. बहुधा पाला निघेल, नाहीतर मुंग्या. सरकारी नोंदीची जागा ही नोंद घेणार नाही, कायद्याने तिला तसे मोलही नाही. पण तलाठ्यापुढे वा कृषी सहायकापुढे जाताना गावाच्या हाती चार महिन्यांची, रोजची, चार ठिकाणांची वही असेल.

खर्च एखाद्या गणेश मंडळाच्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाहून अधिक येऊ नये. यंत्र बिघडेल, दुरुस्त करावे लागेल, सुट्टीत वाचन घेणारे कोणीतरी नेमावे लागेल. खरी अडचण पैशाची नसून तेथेच आहे, आणि प्रत्येक गावात असे दोन-तीन जण आहेत हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मृग लागण्यापूर्वी पंधरा दिवस यंत्रे बसली, तर वळवाच्या एखाद्या सरीवर त्यांची परीक्षा घेता येईल.